ट्रंकेतलं येसर

मिरचीचा हंगाम असला आणि वारा बाजाराकडून येत असला, की धर्माबादच्या स्टेशनवर उतरताच नाकाला झोंबतं. नांदेड जिल्ह्याच्या अगदी पूर्वेच्या टोकाला, तेलंगणाच्या हद्दीला टेकलेलं हे तालुक्याचं गाव. दोन्ही राज्यांतली लाल मिरची इथे येते, ढिगांनी विकली जाते, गिरण्यांतून दळली जाते. बाजारात काम करणाऱ्या बाया डोक्याचा पदर नाकातोंडावरून घट्ट बांधतात आणि दिवसभर देठं खुडत बसतात. संध्याकाळी घरी गेल्यावरही त्यांच्या बोटांची आग होत राहते, लेकराला जवळ घेताना हात मागे धरावे लागतात. मिरची खाणाऱ्या आपल्यासारख्यांना हे क्वचितच ठाऊक असतं, म्हणून आधी सांगितलं.

याच स्टेशनवर सुटी संपवून निघालेले जवानही दिसतात. काळी लोखंडी ट्रंक, पांढऱ्या रंगात लिहिलेलं नाव आणि नंबर. त्या ट्रंकेत धोब्याच्या घडीचे कपडे असतात आणि कपड्यांच्या मधोमध दोन पुड्या असतात: एक तिखटाची, दुसरी येसराची. येसर मराठवाड्याबाहेर फारसं कुणाला माहीत नाही. धान्य, हरभऱ्याची डाळ, धणे-जिरे, खोबरं, गरम मसाला हे सगळं वेगवेगळं खमंग भाजायचं आणि एकत्र दळायचं. ही पूड महिनोन्‌महिने टिकते. पाण्यात कालवून फोडणीला टाकली की दाट आमटी तयार होते. लग्नाच्या पंगतीला शेकडो माणसं जेवतात ती हीच आमटी. भाजी नसली, डाळ शिजायला वेळ नसला, तरी येसर उभं राहतं.

‘माय, तितं समदं भेटतंय, कशाला देतीस?’ असं पोरगा म्हणतो. माय म्हणते, ‘भेटतंय की. पर तोंडाला चव नको का, लेकरा?’

पोरगा खोटं बोलत नाही. भारतीय सैन्यात जवानाला तांदूळ, आटा, डाळ, तेल, साखर, चहा, दूध, भाजी, फळं, मांस-अंडी किंवा त्यांच्याऐवजी शाकाहारी पदार्थ, अगदी मीठ-मसाल्यापर्यंत सगळं सरकारी शिध्यातून मिळतं. प्रत्येक वस्तू माणशी किती ग्रॅम, हे ठरलेलं असतं. मग ग्रॅममध्ये मोजलेल्या त्या शिध्यात काय कमी पडतं, की मायला ट्रंकेत पुडी घालावीशी वाटते? मला हा प्रश्न फार मोठा वाटतो. त्याच्या उत्तरापायी माणसं मेलेली आहेत, लढाया हरल्या गेल्या आहेत, आणि त्यातल्या काही गोष्टी आपल्या मराठवाड्याच्याच मातीतल्या आहेत.

मराठवाड्याच्या दुसऱ्या टोकाला, वैजापूर तालुक्यात पालखेड आहे. फेब्रुवारी १७२८मध्ये पहिल्या बाजीरावाने तिथे निजाम-उल्-मुल्काला कोंडीत पकडलं. लढाई म्हणावी अशी मोठी चकमक झालीच नाही. निजामाला बाजीरावाच्या मागे धावताना जड तोफखाना मागे ठेवावा लागला. मग मराठ्यांनी त्याचा दाणागोटा तोडला, पाण्याच्या वाटा अडवल्या आणि वाट पाहिली. ६ मार्चला मुंगी-शेवगावला तह झाला. भुकेने जिंकलेली ही लढाई युद्धशास्त्राच्या पुस्तकांत आजही वाखाणली जाते.

पण बाजीरावाचे स्वार स्वतः काय खात होते? त्यांच्याबरोबर ना बुणगे, ना भटारखाना. दिल्लीच्या बादशहाच्या चिताऱ्याने बाजीरावाचं चित्र काढलं तेव्हा तो घोड्यावर बसून ज्वारीची कणसं तळहातावर चोळून दाणे तोंडात टाकत चाललेला दाखवला, अशी आख्यायिका आहे. चित्र खरं असो वा नसो, पंचांग मात्र जुळतं. फेब्रुवारीच्या अखेरीस मराठवाड्यात रब्बीची ज्वारी कणसात भरलेली असते. फौज ज्या रानातून जाते ते रानच तिचं कोठार असतं. म्हणूनच ती एवढ्या वेगाने पळू शकते.

ही गोष्ट सांगताना आपण नेहमी इथेच थांबतो. मला थांबवत नाही. ती कणसं कुणाची होती? पालखेडच्या, गंगापूरच्या एखाद्या कुणब्याने पेरलेली, राखलेली, वर्षभराची भाकरी होती ती. हा प्रश्न बाजीरावाच्या आधी अर्धं शतक शिवाजी महाराजांनी विचारला होता. राज्याभिषेकाच्या सुमाराचं, चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं त्यांचं पत्र प्रसिद्ध आहे. माझ्या मते सैनिकांच्या शिध्यावर मराठीत लिहिलेला तो सर्वांत शहाणा मजकूर आहे. पावसाळाभर पुरेल एवढा दाणा आणि वैरण जमवून दिली आहे, ती आत्ताच उधळलीत तर पुढे घोडी उपाशी मरतील, असा त्यात हिशेब आहे. मग तुम्ही कुणब्याच्या घरचं धान्य, भाकरी, गवत, लाकूड, भाजी ओरबाडू लागाल आणि त्याला वाटेल की यापेक्षा मोगल बरे, असा इशारा आहे. इतकंच नाही, तर दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, म्हणून दिवे विझवून झोपा, असंही बजावलं आहे. राज्य उभं करणारा राजा उंदराचा विचार करतो, कारण गंजी जळली की पागा उपाशी राहणार आणि त्या भुकेचा बोजा शेवटी रयतेवर पडणार, ही साखळी त्याला दिसत होती.

मोठ्या फौजांना मात्र रानातल्या कणसांवर जगता येत नसे. त्यांच्यामागे लमाणांचे तांडे चालत. हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या, त्यांत धान्य आणि मीठ. लढणाऱ्या दोन्ही बाजू बहुधा या तांड्यांना हात लावत नसत, कारण आज त्यांना लुटलं तर उद्या आपल्याला दाणा कोण आणणार? सतराव्या शतकात मोगलांच्या दख्खनच्या मोहिमेत भंगी आणि झंगी या दोन नायकांचे बैल लाखांच्या संख्येने होते असं सांगतात. १८०३मध्ये असईला शिंदे-भोसल्यांशी लढणाऱ्या आर्थर वेलस्लीची त्या वर्षीची पत्रं उघडली तर त्यांत तोफांइतकीच बैलांची आणि लमाणांच्या धान्याची काळजी सापडते. पुढे रेल्वे आली आणि बैलांचा हा धंदा बसला. ज्यांनी शतकानुशतकं सैन्यं जगवली, त्यांनाच इंग्रजी राजवटीने गुन्हेगार जमातींच्या यादीत टाकलं. किनवट, माहूर, मुखेडकडच्या तांड्यांवर आज ऊसतोडीला जाणारी माणसं राहतात. भारतीय सैन्याच्या रसदीचा इतिहास लिहिताना पहिलं प्रकरण त्यांच्या पणजोबांचं असायला हवं.

लातूर जिल्ह्यातलं उदगीर ३ फेब्रुवारी १७६०च्या विजयासाठी ओळखलं जातं. सदाशिवरावभाऊने तिथे निजामाला नमवलं आणि पुढच्याच महिन्यात परतूरहून तो उत्तरेला निघाला. पुढचं सर्वांना माहीत आहे, पण पानिपत हे मूलतः रसदीचं अपयश आहे हे पुरेसं माहीत नाही. ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा जिंकून भाऊने धान्याचा मोठा साठा मिळवला, पण अब्दालीने बागपतला यमुना ओलांडून दिल्लीची वाट तोडली. दुआबातून रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले. १४ जानेवारी १७६१ला बाहेर पडलेली फौज अनेक दिवसांची अर्धपोटी होती. बाजीरावाने निजामाचं जे केलं होतं, तेच तेहेतीस वर्षांनी अब्दालीने मराठ्यांचं केलं.

इंग्रजी फौजेत रसदखातं पद्धतशीर होतं. आजच्या आर्मी सर्व्हिस कोअरचा स्थापना दिवस ८ डिसेंबर हा १७६०च्या त्या जुन्या खात्यावरूनच धरला जातो. तरीही शांततेच्या काळात हिंदी शिपायाने छावणीच्या बाजारातून आपल्या पगाराच्या पैशांनी शिधा घ्यायचा आणि स्वतःच्या चुलीवर, जातीपातीचे नियम पाळून शिजवायचा, अशी रीत पहिल्या महायुद्धापर्यंत होती. मोहिमेवर मात्र सरकार खाऊ घाले. छावणीतही फुकट शिधा मिळू लागला तो १९१७ साली. त्या बदलाच्या आदल्याच वर्षी कूत घडलं होतं.

कूत-अल-अमारा हे इराकमध्ये तैग्रिस नदीच्या वळणावरचं गाव. बगदाद जिंकायला निघालेली सहावी पुणे डिव्हिजन मागे हटून डिसेंबर १९१५मध्ये तिथे शिरली आणि ७ तारखेला तुर्की सैन्याने तिला वेढलं. आत १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. कोकणातले, घाटावरचे, भात-भाकरीवर वाढलेले हे जवान. वेढा जवळजवळ पाच महिने चालला.

पहिली चूक हिशेबाची झाली. सेनापती टाउनशेंडने सुरुवातीला आपल्याजवळ थोड्याच दिवसांचं अन्न आहे असं कळवलं, त्यामुळे सुटकेला येणाऱ्या फौजेने अर्धवट तयारीतच धडका मारल्या आणि ती रक्तबंबाळ झाली. जानेवारीच्या अखेरीस गावात घरोघर झडती घेतली, तेव्हा एप्रिलपर्यंत तग धरता येईल एवढं धान्य निघालं. नीट मोजणी पहिल्याच आठवड्यात झाली असती तर सुटकेच्या धडकांत मेलेली हजारो माणसं कदाचित मेली नसती. पुढे धान्य होतं पण दळायला साधन अपुरं, म्हणून विमानातून जात्याच्या तळ्या खाली टाकल्या गेल्या. आकाशातून जातं पडलेलं त्या शिपायांनी पाहिलं. एप्रिलमध्ये पिठाची पोतीही विमानांतून टाकली. वेढ्यात अडकलेल्या फौजेला हवाई मार्गाने अन्न पुरवण्याचा हा जगातला पहिला प्रयत्न मानला जातो. त्यातली काही पोती नदीत पडली, काही शत्रूच्या हद्दीत.

दुसरी चूक जास्त खोल होती. मांस संपलं तेव्हा घोडे आणि खेचरं कापायला काढली. गोऱ्या शिपायांनी ते खाल्लं. हिंदी शिपायांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही, बहुतांशी नकार दिला. धर्मगुरूंकडून परवानगीच्या तारा मागवल्या, हुकूम काढले. शिपायांचं म्हणणं सरळ होतं: इथली भूक परवडली, पण गावी ही गोष्ट कळली तर आमच्या घराशी कोण सोयरीक करील? मराठा शिपायाच्या बाबतीत मला आणखी एक वाटतं. दसऱ्याला ज्याच्या कपाळाला कुंकू लावायचं, तो घोडा ताटात येणं ही कल्पनाच त्याला सोसवणारी नव्हती. शेवटच्या पंधरवड्यात अनेकांनी नकार सोडला, तोवर शरीरं खचली होती. माणशी पीठ शंभर-दीडशे ग्रॅमवर आलं होतं.

आणि मग सैन्याच्या डॉक्टरांना एक विलक्षण दृश्य दिसलं. एकाच गावात, एकाच वेढ्यात, गोऱ्यांना एक रोग झाला आणि हिंदी शिपायांना दुसरा. गोऱ्यांना बेरीबेरी: पाय सुजायचे, हृदय थकायचं. हिंदी शिपायांना स्कर्व्ही: हिरड्या काळ्यानिळ्या होऊन रक्त गळायचं, जुन्या जखमा पुन्हा उघडायच्या. कारण ताटात होतं. गोऱ्यांचा पाव पांढऱ्या मैद्याचा होता. गव्हाचा कोंडा आणि अंकुर काढून टाकला की ब-१ जीवनसत्त्व त्याबरोबर जातं. हिंदी शिपाई कोंड्यासकट आटा आणि डाळ खात होता, म्हणून त्याला बेरीबेरीने सहसा गाठलं नाही. उलट ताज्या मांसात थोडं का होईना क जीवनसत्त्व असतं. घोड्याच्या मांसाने गोऱ्यांना स्कर्व्हीपासून वाचवलं. ते न खाणाऱ्या हिंदी शिपायाला ताजी भाजीही मिळत नव्हती. मैदा संपून गोऱ्यांनाही जवाचं आणि जाडंभरडं पीठ मिळू लागलं तेव्हा त्यांची बेरीबेरी ओसरू लागली. हिंदी शिपायांसाठी रानातला हिरवा पाला गोळा करून त्याची भाजी करायला सांगितलं गेलं.

‘व्हिटामिन’ हा शब्द तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता, कासिमिर फुंकने तो १९१२ साली घडवला. पलटणींच्या शिध्याचे तक्ते बनवणाऱ्यांना वजन कळत होतं, घटक अजून कळत नव्हते. २९ एप्रिल १९१६ला कूत पडलं, सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. शरणागतीनंतर तुर्कांनी आपल्या शिपायांची दगडासारखी बिस्किटं त्यांना दिली. उपाशी आतड्यांना ती पेलली नाहीत आणि अन्न हातात पडल्यावर कित्येक जण त्या अन्नानेच दगावले. पुढे वाळवंटातून चालवत नेताना आणि कैदेच्या छावण्यांत हजारो गेले. कूतची गोष्ट मराठी घरांत फारशी सांगितली जात नाही. ती सांगितली गेली पाहिजे.

क जीवनसत्त्व नेमकं काय आहे हे कळायला आणखी सोळा-सतरा वर्षं लागली, आणि त्यात मिरचीचा हात होता. हंगेरीतलं सेगेद हे शहर तिथलं धर्माबादच म्हणावं असं, लाल मिरचीसाठी प्रसिद्ध. तिथल्या विद्यापीठात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना संशोधनासाठी हे द्रव्य भरपूर प्रमाणात हवं होतं आणि कुठेच मिळत नव्हतं. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी स्थानिक ताज्या मिरचीतून ते किलोच्या हिशेबात काढलं. १९३७ साली त्यांना नोबेल मिळालं. हिरव्या ताज्या मिरचीत वजनाला वजन घेतलं तर संत्र्यापेक्षा जास्त क जीवनसत्त्व असतं. धर्माबादकरांना याचा अभिमान वाटावा, पण एक गोष्ट ध्यानात ठेवून: उन्हात वाळवलेल्या लाल मिरचीतलं ते बहुतेक उडून जातं. ट्रंकेतल्या तिखटाने कूतची स्कर्व्ही बरी झाली नसती. जेवणाबरोबर कच्ची हिरवी मिरची दाताखाली धरणाऱ्या आपल्या शेतमजुराला मात्र त्याचा खरा फायदा मिळत आलेला आहे.

मग तिखटाची पुडी कशाला? याचं उत्तर उंचावर मिळतं. सियाचीनसारख्या ठिकाणी, अठरा हजार फुटांवर, पाणी साधारण ८२ अंशांनाच उकळतं. तिथे डाळ उघड्या भांड्यात कितीही शिजवा, ती दाताखाली कचकचते. प्रेशर कुकरशिवाय चूल पेटवण्यात अर्थ नाही. अंडी आणि फळं गोठून दगड होतात. आणि सर्वांत वाईट म्हणजे भूक मरते. विरळ हवेत शरीराला ऊर्जा जास्त लागते आणि खाण्याची वासना मात्र उरत नाही, चवही मंद होते. तिखटाची गोष्ट वेगळी आहे. तिखटपणा ही जिभेची चव नव्हेच. मिरचीतलं द्रव्य उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. बाकी चवी मंद झाल्या तरी ते पोचतं. घरच्या तिखटाची एक चिमूट बेचव घास गिळायला लावते, हे मायला शरीरशास्त्र न शिकता माहीत होतं.

१९६१मध्ये म्हैसूरला संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली ती याच प्रश्नांवर काम करायला. शिजवलेला पुलाव, राजमा, हलवा खास थरांच्या पाकिटात सील करून दाबाखाली सुमारे १२१ अंशांपर्यंत तापवायचा, म्हणजे तो शीतकपाटाशिवाय वर्षभर टिकतो. आज दुकानात मिळणारी ‘उघडा आणि खा’ पाकिटं याच तंत्राची आहेत. तिथेच चपाती महिनोन्‌महिने मऊ ठेवण्याची पद्धतही शोधली गेली. प्रयोगशाळेपलीकडे जवानांचा स्वतःचा टिकाऊ खुराक आहेच: खिशात शंकरपाळे, ज्यांना सैन्यात ‘शक्करपारा’ म्हणतात. पीठ, साखर, तूप. वजनाला हलकं, ऊर्जेला भरगच्च, आणि बर्फातही दात मोडत नाही.

तक्ते आता पूर्वीपेक्षा कितीतरी शहाणे आहेत. तरी जुनी चूक नव्या रूपात डोकावते. फेब्रुवारी २०२०मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, अतिउंचावरच्या शिध्याबद्दल एक गोष्ट नोंदवली. तक्त्यातला एखादा पदार्थ न दिल्यास त्याच्या बदली दुसरा देताना हिशेब किमतीला किंमत असा धरला जात होता. जितक्या रुपयांचा हा, तितक्याच रुपयांचा तो. परिणामी काही बाबतींत जवानाच्या पोटात जाणाऱ्या उष्मांकांत ८२ टक्क्यांपर्यंत घट झाली होती. महागड्या पदार्थाचा छोटा तुकडा हिशेबात बरोबर बसतो, ताटात नाही. कूतला वजन मोजलं आणि घटक विसरले, इथे रुपये मोजले आणि उष्मांक विसरले. असे अहवाल कुणी वाचत नाही, पण ज्यांचं पोरगं बर्फावर आहे त्यांनी ते वाचावेत, त्यावर विचारावं.

मार्च २०२३मध्ये सैन्याने आणखी एक निर्णय जाहीर केला, तो मला मनापासून आवडला. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी गव्हाच्या आट्यासाठी शिध्यातून काढून टाकलेली ज्वारी, बाजरी आणि नाचणी परत आली. धान्याच्या एकूण वाट्यापैकी पंचवीस टक्क्यांपर्यंत त्यांचं पीठ देता येईल, असं ठरलं. पालखेडच्या रानातली ज्वारी एवढा फेरा मारून लंगरमध्ये, म्हणजे सैन्याच्या स्वयंपाकघरात आली.

ती शिजवणं मात्र सोपं नाही. गव्हाच्या कणकेला चिवटपणा असतो, म्हणून ती लाटता येते, यंत्रावरही शेकडोंनी चपात्या होतात. ज्वारीत तो नाही. उकळतं पाणी ओतून पीठ मळायचं, तळहाताने रगडायचं आणि परातीत थापायचं. थापता थापता हात थांबला तर कडा फाटते. शंभर माणसांच्या लंगरला दोनशे भाकरी करायच्या तर किती हात लागतील? सोलापूर-कलबुर्गीकडची पातळ कडक भाकरी दिवसेंदिवस टिकते, सीमेवर न्यायला तीच सर्वांत सोयीची वाटते. पण तिलाही आधी थापावंच लागतं. शिवाय ज्वारीच्या दाण्यात अंकुरासोबत स्निग्धांश राहतो, म्हणून तिचं पीठ आट्यापेक्षा लवकर कडवट होतं. दळण ताजं हवं. धर्माबादची कुठलीही बाई हे सांगेल: ज्वारीचं दळण आठवड्याचं आणावं, महिन्याचं नाही. पिठाची पोती दूरच्या डेपोतून पाठवण्यापेक्षा दाणा पाठवावा आणि चक्की पलटणीजवळ असावी, असं मला वाटतं. कूतला जी तळी आकाशातून टाकावी लागली, ती इथे आधीपासूनच लंगरच्या कोपऱ्यात बसवता येईल.

गाडी सुटायची वेळ होते. पोरगा ट्रंक उचलून डब्यात सरकवतो, माय खिडकीच्या गजातून हात घालून सांगते की येसर कोरड्या डब्यातच ठेव, चमचा ओला घालू नको, किडं पडतील.